पाण्यात उभी असलेली तुळस तहानेनं का गेली?

पावसाळा सरत आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत गेलेल्या रोपांची पत्रं वाढतात. या वेळी त्यांतली पाच निवडली आहेत. विषय वेगवेगळे दिसतील, पण पाचही ठिकाणी अडचण एकच आहे. जिवंत वनस्पतीला हवा कमी पडली.

प्रश्न : बाई, आमच्या बाल्कनीत सासूबाईंनी लावलेली चार वर्षांची तुळस होती. जुलैत आठ दिवस झड लागली. मग एका दुपारी लख्ख ऊन पडलं आणि तुळशीनं मान टाकली. पाणी कमी पडलं असेल म्हणून मी रोज एक तांब्या जास्त घालू लागले. आठवड्याभरात पानं पिवळी होऊन गळाली आणि तुळस गेली. कुंडी पालथी केली तर मातीला गटारासारखा वास. पाणी भरपूर होतं, मग ती सुकली कशानं? आणि माझ्या माहेरी पौडजवळ भात सगळा पावसाळा पाण्यात उभा असतो, त्याला काहीच कसं होत नाही? (एक वाचक, सहकारनगर)

उत्तर : ताई, तुमची तुळस खरोखर तहानेनंच गेली, आणि मुळांभोवती पाणी असताना गेली. १९८८ च्या श्रावणात आमच्या कोथरूडच्या गच्चीवर माझ्या आईची तुळस अशीच गेली होती. मी तेव्हा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते, श्वसनाचा धडा दर वर्षी फळ्यावर मांडत होते, आणि तरी आईला म्हणाले होते, "अगं, अजून थोडं पाणी घाल." तेव्हा तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. मान टाकलेलं रोप पाणीच मागत असतं. फक्त ते वर पोचवणारी मुळं त्या वेळी काम करू शकत नसतात.

मूळ वाढतं, मातीतून क्षार ओढून घेतं, आणि त्याला लागणारी ऊर्जा साखर जाळून मिळते. साखर पूर्ण जाळायला ऑक्सिजन लागतो. पानं दिवसा ऑक्सिजन तयार करतात हे आपण शाळेत शिकतो आणि झाडाला ऑक्सिजनची ददात नसणार असं धरून चालतो. पण आपल्या पायाच्या अंगठ्याला रक्त ऑक्सिजन आणून देतं, तसं रक्त झाडात नाही. पानातली साखर मुळापर्यंत पोचते. ऑक्सिजन मात्र तुळशीच्या मुळाला आजूबाजूच्या मातीतूनच मिळवावा लागतो.

चांगल्या मातीत कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते. झड लागली, कुंडीचं भोक बुजलेलं असलं, खाली ताटली असली, की या पोकळ्या पाण्यानं भरतात. एक लिटर हवेत जेवढा ऑक्सिजन असतो, त्याच्या साधारण तिसावा हिस्साच एक लिटर पाण्यात विरघळलेला असतो. त्याहून मोठी अडचण वेगाची आहे. ऑक्सिजन हवेतून ज्या वेगानं पसरतो, त्याच्या जवळजवळ १०,००० पट सावकाश तो स्थिर पाण्यातून पसरतो. मुळांनी आणि मातीतल्या जिवाणूंनी होता तेवढा ऑक्सिजन संपवला, की वरून नवा येऊन पोचत नाही. उबदार मातीत एवढं व्हायला एक दिवसही पुरतो. मग काही जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेट, मँगॅनीज, लोह आणि शेवटी सल्फेटवर आपलं काम भागवतात. सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड होतो. तुम्हाला आलेला वास बहुधा त्याचाच.

इकडे मूळ आंबवण्याच्या मार्गाला लागतं. साखर अर्धवट मोडायची आणि मिळेल त्या ऊर्जेवर तगायचं. आधी थोडं लॅक्टिक आम्ल तयार होतं, म्हणजे दह्यात असतं तेच. मग अल्कोहोल. ऑक्सिजन असताना ग्लुकोजच्या एका रेणूतून एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, तीसच्या आसपास रेणू मिळतात. आंबवण्यातून मिळतात फक्त २. म्हणून साखरेचा साठा भराभर उपसला जातो. तरीही हा मार्ग फार मोलाचा आहे. ड्रू श्वार्ट्झ यांनी १९६९ मध्ये मक्याचा एक प्रकार तपासला होता. त्यात अल्कोहोल तयार करणारं विकर म्हणजे एन्झाइम काम करत नव्हतं. पाण्यात बुडवल्यावर तो मका साध्या मक्याच्या कितीतरी आधी मेला. झाडाच्या दृष्टीनं अल्कोहोल तयार होणं म्हणजे थोडी आणखी मुदत मिळणं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. मुळाच्या पेशींच्या आवरणात पाणी आत घेणारी बारीक दारं असतात. ऑक्सिजन संपला की पेशीचा आतला रस आम्लधर्मी होतो, आणि त्या आम्लतेनं ही दारं मिटतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी २००३ मध्ये मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपावर हे दाखवून दिलं. झड असताना पानांतून पाणी फारसं उडत नव्हतं, म्हणून तुमची तुळस ताठ दिसली. ऊन पडलं, पानं पाणी मागू लागली आणि खाली दारं मिटलेली. म्हणून ती पाण्यात उभी राहून सुकली. पुढचं काम मूळकुजीच्या बुरशीनं केलं.

पुन्हा असं दिसलं तर पाणी ताबडतोब थांबवा. ताटली काढा, कुंडी दोन विटांवर ठेवा, भोकातून काडी घालून ते मोकळं करा आणि रोप चार दिवस सावलीत राहू द्या. पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत खुपसून पाहा. कुंडीच्या तळाशी खडे घातले की पाण्याचा निचरा होतो हा समज पुण्यात घरोघरी आहे, आणि तो चुकीचा आहे. बारीक मातीतलं पाणी जाड खड्यांत सहजासहजी उतरत नाही, ते खड्यांच्या वरच अडून बसतं. म्हणजे ओला, गुदमरलेला थर मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एक खापरी पुरे. बाकी सगळी माती भुसभुशीत हवी.

आपल्या शेतकऱ्यांकडे या सगळ्यासाठी एक शब्द आहे, वाफसा. पाऊस उघडल्यावर लगेच शेतात औत घालत नाहीत, वाफसा यायची वाट पाहतात. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि टाकल्यावर फुटावा, अशी ती स्थिती. मातीच्या पोकळ्यांत पाणीही आहे आणि हवाही आहे. हा शब्द मला तीस वर्षं शिकवलेल्या कुठल्याही व्याख्येपेक्षा नेमका वाटतो, कारण त्यात पाणी आणि हवा एकाच दमात येतात. कुंडीतही वाफसाच सांभाळायचा असतो.

आणि भात? बी.एस्सी.च्या मुलांकडून मी भाताच्या मुळाचा आडवा काप करवून घ्यायची. सूक्ष्मदर्शकात डोळा घातला की मुलं क्षणभर गप्प व्हायची. मधे एक भरीव गाभा, बाहेर एक साल, आणि दोहोंच्या मधे सायकलच्या चाकासारख्या आऱ्या. आऱ्यांमधल्या जागा रिकाम्या असतात. या हवेच्या नळ्या आहेत. अशा ऊतकाला वायूतक म्हणतात. पाण्यावर असलेल्या पानांतली हवा या नळ्यांतून थेट मुळाच्या टोकाशी जाते. वाटेत गळू नये म्हणून मुळाच्या बाहेरच्या थरात बुचासारख्या पदार्थाचा लेप बसतो. टोकाशी लेप नसतो, तिथून ऑक्सिजन चिखलात झिरपतो. माहेरी गेलात की लावणीनंतर महिनाभरानं एक रोप उपटून धुऊन पाहा. मुळांवर तांबूस-नारिंगी थर दिसेल. तो गंज आहे. चिखलात विरघळलेलं लोह मुळातून आलेल्या ऑक्सिजनला भेटलं आणि तिथंच गंजलं. चिखलातलं जास्तीचं लोह एरवी रोपाला बाधतं, त्यातलं बरंचसं असं दारातच अडतं.

भात या नळ्या आधीपासून बाळगून असतो. मक्यात त्या गरज पडल्यावर होतात, आणि त्यामागची युक्ती मला फार सुंदर वाटते. वनस्पतीच्या पेशी इथिलीन नावाचा वायू थोडा थोडा सोडत असतात. आंब्याच्या अढीत एक आंबा पिकला की शेजारचे पिकतात, ते याच वायूमुळे. एरवी तो मुळातून बाहेर पडून विरून जातो. भोवती पाणी साचलं की ऑक्सिजन जसा आत येऊ शकत नाही, तसा इथिलीन बाहेर जाऊ शकत नाही. तो मुळातच साठतो. साठलेला इथिलीन म्हणजे पाण्यानं वेढल्याची वर्दी. ती मिळाली की मुळातल्या काही ठरावीक पेशी मरतात, आणि त्यांच्या रिकाम्या जागांची नळी होते. शेजारच्या पेशी त्या नळीतून श्वास घेतात.

मंडईतून कमळकाकडी आणलीत तर चिरताना तिच्यातली गोल भोकं पाहा. तळ्याच्या बुडाशी चिखलात वाढणाऱ्या कमळाच्या खोडाचे ते हवेचे मार्ग आहेत. कासच्या पठारावर ओल्या दलदलीत गेंदाची पांढरी बटणं फुलतात. त्या गेंदाची मुळं स्पंजासारखी हलकी आणि आडव्या पडद्यांची असतात. आणि कोकणात तिवर आहे. रेवदंड्याच्या खाडीकाठी मी मुलांना घेऊन जात असे. ओहोटीच्या वेळी चिखलातून वीतभर उंचीची शेकडो बोटं उभी दिसतात. ती तिवराची श्वसनमुळं, जमिनीतून वर वाढणारी. त्यांच्या सालीवर बारीक रंध्रं असतात. भरतीत ती पाण्याखाली जातात. आतला ऑक्सिजन वापरला जातो, कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो आणि मुळातला दाब कमी होतो. पाणी उतरलं की तीच मुळं बाहेरची हवा आत खेचतात. दिवसातून दोनदा येणारी भरतीच त्या झाडाचा श्वास चालवते. महाराष्ट्रानं २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवृक्ष ठरवला. तिची श्वसनमुळंही अशीच उभी असतात, तिवराहून जाड.

प्रश्न : झाडाला नाक नाही, मेंदू नाही. मग ऑक्सिजन कमी झालाय हे त्याला कळतं कसं? (इयत्ता नववीची विद्यार्थिनी, एरंडवणे)

उत्तर : तुझा प्रश्न वाचून मला खूप आनंद झाला. शास्त्रज्ञांनाही याचं पक्कं उत्तर २०११ पर्यंत माहीत नव्हतं.

समज, वर्गात एक मुलगी फळ्यावर सतत "धोका" असा शब्द लिहितेय आणि दुसरी डस्टरनं तो सतत पुसतेय. लिहिणारी थांबत नाही, पुसणारीही थांबत नाही. वर्गाला फळा कोराच दिसतो. आता पुसणारीच्या हातातून डस्टर गेलं. काही न बदलता शब्द फळ्यावर राहतो आणि सगळा वर्ग तो वाचतो. वनस्पतीच्या पेशीत ऑक्सिजन हे ते डस्टर आहे.

लिहिलेला शब्द म्हणजे काही खास प्रथिनं. पेशी ती नेहमी तयार करत असते. त्यांच्या सुरुवातीला, दुसऱ्या जागेवर, सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल असतं. सिस्टीनमध्ये गंधक असतं आणि त्याचा ऑक्सिजनशी पटकन संयोग होतो. पेशीत ऑक्सिजन असेल तर एक विकर त्या सिस्टीनला ऑक्सिजन जोडतं. मग त्यावर आणखी एक खूण चढते आणि पेशीची मोडतोड करणारी यंत्रणा ते प्रथिन तोडून टाकते. ऑक्सिजन नसेल तर खूण चढत नाही, प्रथिन शाबूत राहतं, पेशीच्या केंद्रकात जातं आणि अडचणीच्या काळातली जनुकं चालू करतं. मघाशी सांगितलेलं अल्कोहोल करणारं विकर त्यातूनच येतं. दोन वेगवेगळ्या गटांनी २०११ मध्ये एकाच वेळी हे प्रसिद्ध केलं.

प्राण्यांच्या पेशींना ऑक्सिजन कसा समजतो यासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं, ते तुझ्या वाचनात आलं असेल. त्यांनी शोधलेलं प्रथिनही असंच सतत तयार होतं आणि ऑक्सिजन असताना सतत मोडलं जातं. पण ते प्रथिन वेगळं आणि त्यावर चढणारी खूणही वेगळी. एकाच अडचणीवर प्राणी आणि वनस्पती आपापल्या वाटेनं जवळजवळ त्याच तोडग्याशी पोचले. या गोष्टीचं मला अजूनही नवल वाटतं.

आणखी एक. ऑक्सिजन कमी असणं म्हणजे दर वेळी संकटच असतं असं नाही. रोपाच्या शेंड्याचं अगदी टोक, जिथून नवी पानं फुटतात, तिथं ऑक्सिजन कायमच कमी असतो, उघड्या हवेत वाढणाऱ्या रोपातसुद्धा. तिथं नवं पान किती वेगानं फुटायचं हे ठरण्यात त्या कमतरतेचा हात आहे. हे २०१९ मध्ये समजलं. म्हणजे तुझ्या शाळेच्या कुंपणावरच्या जास्वंदीच्या टोकाशीही आत्ता ही लिहिण्या-पुसण्याची कामं चालू असणार.

प्रश्न : मावळात नदीकाठी आमची खाचरं आहेत. यंदा पुराचं पाणी आठ दिवस भाताच्या डोक्यावरून होतं. पाणी ओसरलं तेव्हा रोपं हिरवी दिसत होती, दोन दिवसांत झोपली. पूर सोसणारं बियाणं असतं म्हणतात, ते खरं का? (एक शेतकरी वाचक)

उत्तर : दादा, खरं आहे. पण आधी तुमचं रोप का झोपलं ते सांगते.

भात पाण्यात उभा राहू शकतो, कारण त्याचा शेंडा हवेत असतो. शेंडाच बुडाला की नळीचं तोंड पाण्याखाली जातं. भाताच्या पानाला पाणी चिकटत नाही, अळूच्या पानावर जसं ठरत नाही तसं. त्यामुळे बुडलेल्या पानाभोवती हवेचा चंदेरी पापुद्रा राहतो आणि काही दिवस तो कामाला येतो. पाणी स्वच्छ असेल तर आत थोडं ऊनही पोचतं. पुराच्या गढूळ पाण्यात तेही नाही. मग बहुतेक वाणं एकच धडपड करतात, उंच वाढून पाण्याबाहेर डोकं काढायची. त्यात होती नव्हती ती साखर संपते. पाणी ओसरतं तेव्हा रोप लांबट, पोकळ आणि उपाशी असतं, म्हणून आडवं होतं. शिवाय ऑक्सिजन एकदम परत येतो, ऊन लागतं, आणि त्या अचानक आलेल्या ऑक्सिजनपासून पेशींना इजा करणारे रेणू तयार होतात. पुरात जगलेलं रोप पुरानंतर मरतं ते यामुळे.

ओडिशातल्या एका जुन्या गावठी भाताची रीत उलटी आहे. त्यातून निवडलेल्या वाणाला एफआर १३ ए म्हणतात. पाणी डोक्यावरून गेलं की हा भात वाढ थांबवतो. साखर राखून ठेवतो, दोन आठवड्यांपर्यंत पाण्याखाली निपचित राहतो आणि पाणी उतरल्यावर पुन्हा फुटतो. हा गुण मुख्यतः सब१ए या एका जनुकामुळे येतो, हे केनाँग शू, डेव्हिड मॅकिल, पामेला रोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं. तो गुण स्वर्णा या लोकप्रिय वाणात संकरानं आणला गेला, आणि स्वर्णा-सब१ भारतात २००९ मध्ये प्रसारित झालं. स्वर्णाचे बाकीचे गुण तसेच राहिले. शेतकऱ्याच्या ओळखीच्या वाणातच सोशिकपणा आला, म्हणून लोकांनी ते स्वीकारलं. या कामाबद्दल मला फार आदर आहे, आणि त्याहून जास्त ते जुनं बी पिढ्यान्‌पिढ्या राखणाऱ्या ओडिशातल्या शेतकऱ्यांबद्दल.

याच्या अगदी विरुद्ध स्वभावाचेही भात आहेत. बांगलादेशात महिनोन्‌महिने खोल पाणी राहतं, तिथं गप्प बसून भागत नाही. तिथला खोल पाण्यातला भात दिवसाला २० ते २५ सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो. पाणी चढेल तसा तो चढतो. त्यामागची दोन जनुकं जपानी शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये शोधली आणि त्यांना पाणबुड्याच्या श्वासनळीवरून स्नॉर्कल हे नाव दिलं. पूर आठवड्याचा असेल तर थांबून राहणारा जिंकतो, तीन महिन्यांचा असेल तर वाढणारा.

तुमच्यापुरतं सांगायचं तर स्वर्णा-सब१ हे पूर्वेकडच्या सखल खाचरांसाठीचं, उशिरा तयार होणारं वाण आहे. इंद्रायणी किंवा आंबेमोहोराची चव आणि बाजार त्याला नाही. तेव्हा नुसतं नाव ऐकून बी आणू नका. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात जाऊन तुमच्या जमिनीला काय चालेल ते विचारा. दोन गोष्टी मात्र कुठल्याही वाणाला लागू आहेत. पुराची भीती असलेल्या खाचरात कोवळी रोपं लावू नका. जून, दणकट रोपांत साखरेचा साठा जास्त असतो आणि ती जास्त तगतात. आणि पाणी ओसरल्या ओसरल्या युरिया टाकू नका. नवं पान निघू द्या, मग खत द्या.

प्रश्न : मटकी दोन दिवस पाण्यात भिजत राहिली. मोड आले नाहीत, फेस आला आणि आंबूस वास सुटला. बी जुनं होतं का? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : बी चांगलं असणार. रात्रभर, सात-आठ तास भिजवून मटकी उपसायची आणि फडक्यात बांधायची, यातलं उपसणं महत्त्वाचं. भिजलेलं बी जागं होतं आणि जोरानं श्वास घेऊ लागतं. पाण्याखाली त्याला हवा मिळाली नाही, म्हणून ते आंबलं. फडकं असतं ते ओल राहावी आणि हवाही मिळावी म्हणून. मटकीचा वाफसाच म्हणा ना.

घरात मुलं असतील तर त्यांच्याबरोबर हे करून पाहा. पाणी उकळून, झाकून गार करा. उकळल्यानं त्यातली विरघळलेली हवा निघून जाते. दोन लहान बाटल्या त्या पाण्यानं काठोकाठ भरा. एकीत मटकी टाका, दुसरीत साळीचे, म्हणजे टरफलासकटचे, भाताचे दाणे. बुचं घट्ट लावा. मटकी कुजेल. भातातून मात्र काही दिवसांत पांढरा कोंब वर येईल, आणि मूळ जवळजवळ नसेल. पिष्टाची साखर करण्याचं काम भाताचं बी ऑक्सिजनशिवायही चालू ठेवू शकतं. धान्यांत हे फार थोड्यांना जमतं. मिळालेली सगळी शक्ती ते कोंबात घालतं, कारण पहिली गरज हवेपर्यंत पोचण्याची असते.

जाता जाता बटाट्याचंही सांगते. बाहेरून निरोगी आणि चिरल्यावर आतून काळा निघालेला बटाटा तुम्ही पाहिला असेल. उन्हाळ्यात कोंदट जागी ढीग लावला की बटाट्याचा श्वास वाढतो आणि मधल्या गराला ऑक्सिजन पुरत नाही. तो गर गुदमरून मरतो आणि काळा पडतो. बटाटे पिशवीत बांधून ठेवू नका, टोपलीत पसरा.

प्रश्न : आमच्या सोसायटीत पार्किंगसाठी झाडांच्या बुंध्यापर्यंत ब्लॉक बसवले. तीन वर्षांत एक झाड शेंड्याकडून वाळत आलंय. पाणी तर आम्ही घालतो. (एक वाचक, कर्वेनगर)

उत्तर : पाणी आत कुठून जाणार, आणि हवा कुठून जाणार? झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दोन फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. ब्लॉक बसवण्याआधी जमीन रोलरनं दाबतात. त्या दाबानं मातीतल्या पोकळ्याच मिटतात. वरून सिमेंटनं सांधे भरले की उरलेली हवाही कोंडते. खाडीतलं तिवर मुळं वर काढून श्वास घेतं. आपल्या रस्त्यांवरच्या कडुनिंबाला किंवा पर्जन्यवृक्षाला ते जमत नाही. तो वरून वाळत येतो आणि पुढे एखाद्या वादळात पडतो. मग लोक म्हणतात झाड जुनं झालं होतं. हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं.

राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायचा आदेश दिला होता. आपण आदेशाची वाट पाहायची गरज नाही. आमच्या सोसायटीत बुचाचं एक झाड आहे. त्याच्याभोवतीचे ब्लॉक आम्ही सहा घरांनी मिळून एका रविवारी काढले. बुंध्यापासून चारही बाजूंना एक मीटर. खालची माती इतकी घट्ट होती की पहारीचा आवाज दगडावर आपटल्यासारखा येत होता. ब्लॉकच्या सांध्यांत मात्र केसांसारखी बारीक मुळं जाळं करून बसली होती, कारण तेवढ्याच फटीत हवा होती.

तुम्ही काढाल तेव्हा पहार खोल घालू नका, मोठी मुळं तुटतील. ब्लॉक उचला, वरची दोन-तीन बोटं माती हातकुदळीनं सैल करा आणि पालापाचोळ्याचा चार बोटं जाड थर पसरा. तो बुंध्याला चिकटू देऊ नका, वीतभर जागा मोकळी ठेवा. पाचोळा खायला गांडुळं येतील आणि त्यांची बिळं होतील तेवढी माती आपोआप उघडेल. गाड्या तिथं येऊ नयेत म्हणून कडेला चार मोठे दगड ठेवा. हे काम पाऊस उघडल्यावर, जमिनीला वाफसा आला की करा. ओल्या चिखलात पाय पडले तर माती पुन्हा दाबली जाईल.